डोक्यावरून जाणारी वीज

सप्टेंबर २०२२ मध्ये अर्धवाहकांचा, म्हणजे सेमीकंडक्टरचा, एक प्रचंड कारखाना तळेगावला येता येता गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. पुढे जुलै २०२३ मध्ये वेदान्त आणि फॉक्सकॉन या भागीदारांचीच फारकत झाली व तो संकल्प ठरल्या रूपात गुजरातेतही उभा राहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने पनवेल तालुक्यातील तळोजे येथे टॉवर सेमीकंडक्टर ही इस्रायली कंपनी आणि अदानी समूह यांच्या ८३,९४७ कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिल्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये या दोन पक्षांतील बोलणी स्थगित झाल्याचे वृत्त आले. तळेगाव घाटमाथ्यावर, तळोजे घाटाखाली. आणि या दोहोंच्या मधोमध कर्जत आणि खालापूर हे तालुके. एका बाजूने कारखाना निसटल्याचा शोक आणि दुसऱ्या बाजूने तो मिळाल्याचा जयघोष, हे दोन्ही या तालुक्यांनी ऐकले. परंतु ज्या पदार्थासाठी हा सारा कोलाहल, तो पदार्थ करतो तरी काय, हा साधा प्रश्न या वादात क्वचितच कोणी विचारला.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. तो नागरिकांचा आहे, आणि कर्जत-खालापूरच्या नागरिकांचा तर विशेषच आहे. कारण या भूमीला विजेच्या बाबतीत एक जुना अनुभव गाठीशी आहे.

१९१५ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील खोपोली येथे टाटांचे जलविद्युत्-केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवटे इत्यादी तलावांत साठविलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोसळू लागले आणि त्या शक्तीवर मुंबईच्या कापड-गिरण्या फिरू लागल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र चालू झाले. भारताच्या औद्योगिक इतिहासातील हे अभिमानाचे पान आहे, यात शंका नाही. परंतु त्याच पानाच्या मागील बाजूस आणखी काही लिहिलेले आहे. वीज निर्माण झाली ती येथे, पाऊस पडला तो येथल्या डोंगरांवर. आणि तारा मात्र भाताच्या खाचरांवरून, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून मुंबईस गेल्या. त्या तारांखालच्या घरांत दिवा लागावयास पुढे कित्येक दशके जावी लागली. वीज अक्षरशः लोकांच्या डोक्यावरून गेली. आणि मराठीत 'डोक्यावरून जाणे' याचा जो दुसरा अर्थ आहे, तोही तितकाच खरा ठरला: ती काय आहे हे त्यांस कोणी सांगितलेही नाही.

आता दुसऱ्यांदा तसेच होऊ घातले आहे काय, हा आमचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी अर्धवाहक म्हणजे काय हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. या दोहोंच्या मधली प्रकृती असलेले जे पदार्थ, ते अर्धवाहक. त्यांत सिलिकॉन प्रमुख, वाळूतून मिळणारा. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूस बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि चार हातांनी तो चार शेजाऱ्यांस घट्ट धरून ठेवतो. शुद्ध स्थितीत, म्हणूनच, तेथे वीज वाहून नेण्यास मोकळे असे फारसे कोणी नसते. परंतु लाखात किंवा कोटीत एखादा अणू फॉस्फरसचा मिसळला, तर त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा राहतो. बोरॉनचा मिसळला, तर एक हात कमी पडून तेथे रिकामी जागा राहते. पहिल्या प्रकारास ऋण, दुसऱ्यास धन अर्धवाहक म्हणतात. पदार्थ तोच, चिमूटभर परक्याच्या मिश्रणाने त्याचा स्वभाव पालटतो.

हे दोन प्रकार एकाच स्फटिकात शेजारी शेजारी आणले, की त्यांच्या सीमेवर जणू एक छोटासा घाट उभा राहतो. मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागा भरतात आणि त्यामुळे निर्माण झालेला विद्युत्-दाब पुढच्या इलेक्ट्रॉनांस अडवितो. बाहेरून एका दिशेने सुमारे ०.७ व्होल्टचा जोर लावला, तर सिलिकॉनमधला हा घाट ओलांडला जातो व प्रवाह वाहू लागतो. उलट दिशेने जोर लावला, तर घाट आणखीच उंच होतो आणि वाट बंद पडते. एकाच दिशेने वीज जाऊ देणारी ही वस्तू म्हणजे डायोड. कर्जत स्थानकावर गाडीच्या मागे जादा इंजिने जोडल्यावाचून जी चढण चढत नाही, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगण्यास चित्राची गरज पडू नये.

आता ट्रान्झिस्टर. २३ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. शॉक्ले यांच्यासह तिघांस १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खोपोलीच्या केंद्रात डोंगरावरून येणाऱ्या अजस्र नळास एक झडप असते. झडप फिरविणाऱ्या मनुष्याच्या हाताचे बळ ते काय! त्या बळावर चक्र फिरत नाही. चक्र फिरते ते पाण्याच्या लोंढ्याने. परंतु लोंढा किती सोडावयाचा हे मात्र तो हात ठरवितो. ट्रान्झिस्टरमध्ये नळातून वाहते तीही वीज आणि झडप फिरविणारा हात तोही विजेचाच. अल्प प्रवाहाने मोठ्या प्रवाहास आवरावे, वाढवावे, बंद करावे आणि पुन्हा सोडावे, हे त्याचे कार्य. क्षीण लहरींचा आवाज मोठा करणारा रेडिओ या गुणामुळे आला आणि लोक त्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागले. चालू आणि बंद या दोनच अवस्थांची भाषा बनवून त्यावर गणकयंत्रे उभी राहिली. पहिला ट्रान्झिस्टर डोळ्यांना सहज दिसत असे. आजच्या भ्रमणध्वनीतील नखाएवढ्या चिपवर एक हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असतात.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे मुंबई-बंगळूरचे विषय. कर्जताशी यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो कर्जत स्थानकाच्या फलाटावरच उभा आहे. १९२९-३० च्या सुमारास मुंबई-पुणे मार्गावर विजेची गाडी आली. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. तेव्हा वरच्या तारेत १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती. त्या काळी गाडी ओढण्यास योग्य अशी मोटर एकदिश विजेवर चालणारी असे, आणि उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर करण्याची यंत्रे इतकी अवजड असत, की ती वाटेतल्या उपकेंद्रांतच ठेवावी लागत. लोक ज्यास 'खेकडा' म्हणत, त्या जुन्या घाटइंजिनासारख्या इंजिनांत गती आवरण्यासाठी विजेचा काही भाग मोठमोठ्या रोधकांत नुसता उष्णता होऊन जाई.

सिलिकॉनच्या डायोडने हे सारे पालटले. जे काम करण्यास एक इमारत लागे, ते इंजिनाच्या पोटातील एका कपाटात होऊ लागले. म्हणूनच मुंबईच्या परिसरातील सारे मार्ग २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टच्या उलटसुलट विजेवर आणता आले. नव्या इंजिनांत आणि उपनगरी गाड्यांत तर मोठ्या शक्तीचे ट्रान्झिस्टर सेकंदाला शेकडो वेळा वीज जोडून-तोडून मोटरला हवी तशी वीज घडवून देतात. आणि गाडी उतारावर वा थांब्यापाशी आली, म्हणजे मोटर जनित्र होऊन वीज पुन्हा तारेस परत करते. सकाळची लोकल पकडणारा खोपोलीचा नोकरदार रोज अर्धवाहकांच्या बळावर मुंबईस जातो. त्यास ते ठाऊक नसते, एवढेच.

दुसरे उदाहरण याहून जवळचे. घराघरांच्या छपरांवर आणि शेतपंपांशेजारी आता सौरपट्ट्या दिसू लागल्या आहेत. सौरघट म्हणजे दुसरेतिसरे काही नसून प्रकाशास सामोरा ठेवलेला एक पसरट डायोड आहे. सूर्यकिरणाने इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि सीमेवरचा तोच घाट त्यास एका दिशेने ढकलतो. एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणून अनेक घट माळेसारखे जोडावयाचे. परंतु सूर्य सायंकाळी मावळतो आणि विजेची मागणी तर तेव्हाच वाढते. यावर उपाय म्हणून दिवसाच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवावयाचे आणि रात्री ते खाली सोडून वीज करावयाची, अशी योजना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य शासनाशी केलेल्या करारात भिवपुरीच्या १,००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पाचा समावेश आहे. १९२२ ची भिवपुरी आणि सिलिकॉनचा डायोड यांची गाठ अशी पडत आहे.

अर्थात्, या तालुक्यांस अर्धवाहकांची वाट पाहावयाची नाही. ते येऊन पोहोचले आहेत. आले नाही ते त्यांचे ज्ञान. पट्टी बसविणारा बाहेरून येतो, आणि ती बंद पडली की पुन्हा बाहेरच्याच माणसाची वाट पाहावी लागते. द्रुतगती मार्ग झाला, जमिनी विकल्या गेल्या, शेतघरे उठली. आणि त्या शेतघरांच्या दाराशी, कालपर्यंत त्याच जमिनीचे धनी असलेल्यांची मुले रखवालदार म्हणून उभी राहिली. उद्या तळोजे येथे वा अन्यत्र चिपचा कारखाना खरोखरच उभा राहिला, तर त्याच्याही दारावर हीच मुले उभी राहावयाची आहेत काय? भिंतीच्या आत जाण्यास जे लागते ते आज त्यांस कोणी देत नसेल, तर कारखाना महाराष्ट्रात आला काय आणि गुजरातेत गेला काय, त्यांच्या दृष्टीने फरक तो कोणता?

कारखाना नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चंडीगडजवळच्या मोहालीत १९८४ साली भारताने या उद्योगात पाऊल टाकले. १९८९ मध्ये तेथे आग लागली आणि आपण अनेक वर्षे मागे पडलो. ती उणीव भरून निघाली पाहिजे. परंतु असा कारखाना अतिशुद्ध पाणी अफाट प्रमाणात मागतो आणि क्षणभरही न डळमळणारी वीज मागतो. खोपोलीच्या केंद्रातून सुटलेले पाणी पाताळगंगेस मिळते, भिवपुरीचे उल्हासेस. त्यावर खालच्या वसाहती आणि शहरे जगतात, तर वरच्या वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. या पाण्यातून कारखान्यास किती आणि वाड्यांस किती, हे करारावर सह्या होण्यापूर्वी लोकांसमोर मांडले गेले पाहिजे. आणि जे मांडले जाईल ते समजून घेण्याइतके ज्ञान लोकांपाशी असले पाहिजे. नाहीतर जनसुनावणी हा केवळ उपचार ठरेल.

आम्ही काही वर्षे शाळेत अध्यापन केले आहे. विषय भाषेचा, पण शेजारच्या वर्गातून अर्धवाहकाची व्याख्या एका सुरात म्हणताना मुलांस आम्ही ऐकले आहे, आणि डायोड हातात घेतलेला एकही विद्यार्थी त्या वर्गात नव्हता, हेही आम्हांस आठवते. एक डायोड काही रुपयांत मिळतो, ट्रान्झिस्टरही तसाच. एक लहान दिवा, एक घट आणि डायोड यांची जोडणी करून तो उलटा फिरविला की दिवा विझतो. हे स्वतःच्या हाताने करून पाहिलेल्या मुलास घाटाची उपमाही द्यावी लागणार नाही. कर्जत-खालापुरातील प्रत्येक माध्यमिक शाळेत असे एक मेज असावे. तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सौरयंत्रे, पंपांचे नियंत्रक आणि इंजिनांतील विद्युत्-रूपांतरक यांच्या दुरुस्तीचे शिक्षण मराठीतून मिळावे. हजारो कोटींच्या घोषणांपुढे ही मागणी क्षुल्लक वाटेल. परंतु तिची पूर्तता कोणत्याही परदेशी भागीदाराच्या मर्जीवर अवलंबून नाही, आणि ती पूर्ण झाल्यास कोणी ती उचलून दुसऱ्या राज्यात नेऊ शकणार नाही.

अल्प प्रवाहाने महाप्रवाहास वळण लावावे, हाच ट्रान्झिस्टरचा धर्म होय. शाळेच्या मेजावरचा तो काही रुपयांचा खर्चही तसाच अल्प आहे. १९१५ साली वीज या लोकांच्या डोक्यावरून गेली, तेव्हा त्यांस विचारणारे कोणी नव्हते. आज विचारता येते, शिकविताही येते. तरीही ती पुन्हा डोक्यावरून गेली, तर दोष तारांचा नव्हे, आपला असेल.