प्रकाश मिनिटभराचा, खाडा दिवसाचा

सोरायसिसचा रुग्ण फोटोथेरपीच्या कपाटात पहिल्या दिवशी उभा राहतो तो बहुधा मिनिटभरच. डोळ्यांवर गॉगल, भोवती उभ्या नळ्या, त्यांतून 311 ते 313 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. पुढे मात्रा वाढते तशी वेळही वाढते, पण ती सहसा काही मिनिटांपलीकडे जात नाही. अशा सिटिंग आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन महिने घ्यायच्या. कोडाच्या रुग्णाला तर सहा महिने, कधी वर्षही लागते.

आता या मिनिटाला प्रत्यक्षात काय पडते ते पाहा. सरकारी रुग्णालयाची ओपीडी सकाळची. आधी केसपेपरची रांग, मग त्वचारोग विभागाची. गाव लांब असेल तर एसटीचे जाणे-येणे वेगळे. रोजंदारीवरच्या माणसाचे आठवड्यात तीन खाडे पडतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला इतक्या सुट्ट्या कोणीच देत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती येईनाशी होते आणि केसपेपरवर नोंद होते की रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.

सोडले कोणी? या उपचाराचा नियमच असा आहे की दांडी परवडत नाही. आठवडाभर खंड पडला की मात्रा वाढवता येत नाही, त्याहून जास्त पडला तर कमी करावी लागते, तीन-चार आठवडे गेले तर पहिल्यापासून सुरुवात. त्वचा भाजू नये म्हणून हे आवश्यकच आहे. पण त्यामुळे ज्याला रजा मिळत नाही त्याचे आधीचे खाडेही वाया जातात. मग त्याला गोळ्यांवर आणले जाते. मेथोट्रेक्सेट सुरू झाले की यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या मागे लागतात. गरोदर बाईला ते देताच येत नाही. प्रकाश तिला देता येतो, लहान मुलांनाही देता येतो. हा तुलनेने सौम्य उपचार नेमका ज्यांच्या हातून निसटतो ते गरीब असतात, हे वेळापत्रकाने घडवलेले आहे.

अमेरिकेत 783 सोरायसिस रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना यंत्र घरी दिले, निम्म्यांना दवाखान्यात बोलावले. बारा आठवड्यांनंतर घरचा प्रकाश दवाखान्यातल्या प्रकाशापेक्षा कुठेही कमी पडला नाही, आणि गडद वर्णाच्या रुग्णांतही तेच दिसले. मला त्यातला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. ठरल्याप्रमाणे नियमित उपचार घेणारे घरच्या गटात 51.4 टक्के होते, दवाखान्याच्या गटात 15.9 टक्के. इतका फरक रुग्णांच्या चिकाटीतला असू शकत नाही. त्यांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. फरक होता तो जाण्यायेण्याचा.

घरी यंत्र दिले तर लोक लवकर बरे होण्याच्या घाईत जास्त वेळ उभे राहतील, भाजून घेतील, अशी धास्ती डॉक्टरांना वाटते. ती रास्त आहे. म्हणूनच डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेपुढे चालूच न होणारी यंत्रे बनली आहेत. हातापायांवरच्या थोड्या चट्ट्यांसाठी हातात धरायचे छोटे दिवेही मिळतात. रुग्णालयाने अशी यंत्रे विकत घ्यावीत, रुग्णाला काही महिन्यांसाठी वापरायला द्यावीत आणि मधूनमधून तपासणीला बोलवावे. आज ज्याला परवडते तो असे यंत्र स्वतः आणू शकतो.

रुग्णालये अशी यंत्रे देईपर्यंत निदान कपाट संध्याकाळी उघडे ठेवा. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जिथे ते आहे, तिथे आठवड्यातून तीन दिवस, सहा ते आठ. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ, हाकेच्या अंतरावर निवासी डॉक्टर, आणि ठरलेल्या रुग्णांना पुन्हा केसपेपर काढायला न लावणारे एक साधे कार्ड. यासाठी नवे यंत्र लागत नाही. विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांच्या सहीने हे पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकते.