ताडाच्या झाडावरून उडालेले सैनिक ते ग्रुपवर पडलेली विमानं : पडद्यावरचं भौतिकशास्त्र आपल्याला कसं फसवतं?

मे २०२५. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्याच रात्रीपासून घराघरांतले फॅमिली ग्रुप तापले. काळंकुट्ट आकाश, जमिनीवरून वर जाणारी लाल गोळ्यांची माळ, क्षणभर शांतता आणि मग हवेत आगीचा गोळा. खाली कॅप्शन, "बघा, विमान पाडलं." कुठल्या बाजूचं विमान ते फॉरवर्ड करणाऱ्यावर अवलंबून.

त्या दिवसांत फिरलेल्या अशा काही क्लिप्स युद्धाच्या नव्हत्याच, व्हिडिओ गेममधल्या होत्या, हे पीआयबी फॅक्ट चेकला जाहीर करावं लागलं. यात नाव पुन्हा पुन्हा आलं ते 'आर्मा ३' या गेमचं. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं तो २०१३ मध्ये आणला. म्हणजे बारा वर्षं जुना गेम. आणि असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरवर पाकिस्ताननं हल्ला केला म्हणून आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी जी दृश्यं दाखवली, तीसुद्धा याच गेमची निघाली. तेव्हा यात फक्त ग्रुपवरचे काका नाहीत, न्यूजरूममधली माणसंही आहेत.

आता प्रश्न असा की गेममधली दृश्यं खरी वाटतातच कशी? ग्राफिक्स भारी झाले, हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे. विमान पडतं कसं, स्फोट होतो कसा, गोळी लागल्यावर माणूस कोसळतो कसा, हे आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्षात कधी पाहिलेलंच नसतं. जे पाहिलंय ते पडद्यावर. त्यामुळे "खरं असंच दिसतं" हे आपल्याला सिनेमा, कार्टून आणि गेमनं शिकवलंय, आणि या तिघांनीही ते मुद्दाम वाकवून शिकवलंय.

सुरुवात कार्टूनपासून करू. चक जोन्स यांनी १९४९ साली पडद्यावर आणलेला वाइली कायोटी आठवतोय? रोड रनरच्या मागे पळत पळत कड्याच्या पुढे जातो, हवेत थांबतो, खाली बघतो आणि मग सरळ खाली. खऱ्या जगात कडा संपला त्याच क्षणी तो खाली यायला लागला असता, आणि पळण्याचा वेग अंगात असल्यामुळे पुढे पुढे जात, वक्र रेषेत पडला असता.

गंमत बघा, हा कोल्हा आपल्या डोक्यातल्या चुकीच्या समजुतीप्रमाणेच पडतो. मायकल मॅक्लॉस्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात यावर प्रयोग केले. चालत्या माणसाच्या हातून चेंडू सुटला तर तो कुठे पडेल, असं त्यानं लोकांना विचारलं. अनेकांनी, त्यात कॉलेजात शिकणारेही होते, सांगितलं की सुटला तिथेच, सरळ खाली. प्रत्यक्षात चेंडू माणसाबरोबर पुढे जात जात पडतो. चालत्या लोकलमध्ये तुमच्या हातून बाटली सुटली तर ती मागच्या सीटवर जाऊन आदळत नाही, तुमच्याच पायाशी पडते, ते यामुळेच. रोजचा अनुभव आहे, तरी डोकं मानत नाही. थोडक्यात, आपली आतली समज मुळातच कच्ची आहे. कार्टूनवाले तिच्याच कलानं जातात, म्हणून ते दृश्य आपल्याला विनोदी वाटतं, पण अनाकलनीय वाटत नाही.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या ॲनिमेटर्सनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं लिहून ठेवली. त्यातलं पहिलंच म्हणजे वस्तू दाबली की चपटी, वेगात गेली की लांबट. खरा क्रिकेटचा चेंडू टप्पा पडताना दिसण्याइतका चपटा होत नाही. पण कार्टूनमध्ये तो तसा केला नाही, तर डोळ्याला दगड वाटतो. वजन जाणवून द्यायचं तर आकाराशी खोटं बोलावं लागतं.

गेमवाल्यांनी तर त्या कोल्ह्याच्या नावानं एक तंत्रच काढलंय, 'कायोटी टाइम'. २०१८ च्या 'सेलेस्ट' या गेममध्ये खेळाडू कड्यावरून पुढे गेल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ त्याला उडी मारता येते. वर, उडीच्या टोकाला बटण दाबून ठेवलं की गुरुत्वाकर्षण अर्ध्यावर येतं. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. हे काढून टाकलं तर मात्र "मी बटण दाबलं होतं, गेमच फालतू आहे" अशी बोंब होते. बंदुकांचंही तसंच. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये ट्रिगर दाबला की गोळी त्याच क्षणी निशाण्यावर, मध्ये वेळच जात नाही. बीजीएमआयमध्ये गोळीला पोहोचायला वेळ लागतो आणि लांब पल्ल्यावर ती खालीही येते. गुरुत्वाकर्षणाचे नियम वेगवेगळे, पण पोरांना दोन्ही "रिअल" वाटतात.

आता येऊ सिनेमाकडे. 'बाहुबली २'मधलं ताडाचं झाड सगळ्यांना पाठ आहे. झाड वाकवायचं, त्यावर ढाली घेतलेले सैनिक चढवायचे, झाड सोडायचं, सैनिकांचा ढालींसकट गोळा होऊन किल्ल्यात. यावर हसून झालंय, पण एकदा गणित करून बघू. समजा, अंतर १०० मीटर आहे. हवेचा विरोध सोडून दिला तरी तिथे पोहोचायला ताशी साधारण ११३ किलोमीटरचा वेग लागतो, आणि जवळपास त्याच वेगानं पलीकडे आदळावं लागतं. ३० सेंटीमीटरमध्ये थांबायचं म्हटलं तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या दीडशेपटीहून जास्त जोर येतो. ढाली शाबूत राहतील, सैनिक नाही. सिनेमात ते उठून तलवार चालवतात.

तरी बाहुबली प्रामाणिक आहे, कारण ते खरं आहे असा दावा तो करत नाही. घोटाळा होतो तो सिनेमा "रिअलिस्टिक" वाटतो तेव्हा. पोलिसांवरच्या कुठल्याही गंभीर सिनेमात गोळी लागली की माणूस दोन फूट मागे उडतो. ८ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ३५० मीटर वेग. ती ७० किलोच्या माणसात रुतून थांबली, तरी त्याला मागे ढकलणारा वेग निघतो सेकंदाला जेमतेम ४ सेंटीमीटर. मुंगळा यापेक्षा फार मागे नसेल. आणि समोरचा उडत असेल तर न्यूटनच्या हिशेबानं बंदूक चालवणाराही तितकाच मागे उडायला हवा. माणूस कोसळतो तो जखमेमुळे, धक्क्यामुळे नव्हे. पण खऱ्या गोळीबाराचा व्हिडिओ आला की खाली कमेंट हमखास असते, "हा तर ॲक्टिंग करतोय, गोळी लागल्यावर असं पडतात का?"

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र 'इंटरस्टेलर'चं आहे. त्यातल्या कृष्णविवरासाठी किप थॉर्न यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ सोबत होता, खरी समीकरणं वापरली गेली. त्या समीकरणांनुसार भोवतालच्या तेजस्वी चकतीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ आणि निळसर, लांब जाणारी बाजू अंधूक दिसायला हवी होती. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांच्या टीमनं तो फरक वगळला, कारण प्रेक्षक गोंधळला असता. थॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या शोधनिबंधात हे उघडपणे सांगितलं. पुढे एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिलीवहिली प्रतिमा आली, तर तिच्यात खरोखरच एक बाजू जास्त उजळ. सोशल मीडियावर प्रतिक्रिया काय आली? "हे तर ब्लर आहे, इंटरस्टेलरमधलं भारी होतं."

खरं खोटं वाटण्याचा हा प्रकार जुनाच आहे. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे अपोलो १६ च्या गाडीच्या चाकांनी उडवलेली धूळ ढगासारखी तरंगत नाही, दगड फेकल्यासारखी वक्र रेषेत जाऊन खाली पडते. पृथ्वीवरच्या स्टुडिओत हे करून दाखवणं १९७२ मध्ये महाकठीण होतं. तरी "कायतरी विचित्र दिसतंय, म्हणजे फेक" म्हणणारे आजही आहेत.

मग खोटा व्हिडिओ ओळखायचा कसा? भौतिकशास्त्र इथे उपयोगी पडतं, पण सिनेमातलं नाही, खरं.

आवाज घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज आधी चमकते, गडगडाट नंतर येतो, हे पावसाळ्यात लहान पोरही सांगतं. स्फोट एक किलोमीटरवर असेल तर आवाज जवळपास तीन सेकंदांनी यायला हवा. ४ ऑगस्ट २०२० च्या बैरूतच्या स्फोटाचे लांबून घेतलेले व्हिडिओ बघा, ढग आधी फुगतो आणि धक्का मागाहून येतो. सिनेमात मात्र दोन्ही एकदम. फक्त एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण आर्मासारखे काही गेम हा उशीरही बरोबर दाखवतात.

दुसरी खूण पडण्याच्या वेळेची. ४५ मीटरवरून, म्हणजे पंधराएक मजल्यांवरून सुटलेला ढिगारा जमिनीवर यायला तीन सेकंद घेतो. मोठ्या गोष्टी म्हणूनच संथ पडताना दिसतात. जुन्या सिनेमांत इमारतीची छोटी मॉडेल्स उडवायचे तेव्हा हीच अडचण यायची. पंचविसाव्या हिश्श्याचं मॉडेल पाचपट जलद पडतं, म्हणून कॅमेरा पाचपट वेगानं चालवून दृश्य संथ करायचे.

तिसरी खूण धुराची. नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमियानं स्वतःच पत्रक काढून आपल्या गेमच्या खोट्या क्लिप्स कशा ओळखायच्या ते सांगितलं. धूर, आग, धूळ अनैसर्गिक वाटते, माणसं हलताना दिसत नाहीत, कॅमेरा थरथरतो, दृश्य रात्रीचं आणि क्वालिटी मुद्दाम खराब. यातलं शेवटचं काम व्हॉट्सअप फुकटात करून देतं. चार वेळा फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओत धुराचे बारकावे शोधणार कुठे?

एआयनं पंचाईत आणखी वाढवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयनं 'सोरा' दाखवलं तेव्हा कंपनीनंच कबूल केलं होतं की यातला माणूस बिस्किटाचा घास घेईल, पण बिस्किटावर दाताची खूण उमटेलच असं नाही. कारण साधं आहे. गेममध्ये वाकवलेले का होईना, पण नियम कुणीतरी लिहिलेले असतात. एआयला नियम कुणी दिलेले नाहीत, त्यानं फक्त व्हिडिओ पाहिलेत. त्यात खरे किती, सिनेमातले किती, कोण जाणे. सप्टेंबर २०२५ च्या सोरा २ मध्ये कंपनीनं सुधारणेचा दाखला दिला तो बास्केटबॉलचा. आधीची मॉडेल्स नेम चुकला तरी चेंडू गायब करून थेट बास्केटमध्ये टाकायची, आता तो फळीवर आपटून परत येतो. म्हणजे "चेंडूकडे बघा, कळेल" हा सल्ला दीड वर्षात जुना झाला.

त्यामुळे फॅक्ट चेक करणारे आजकाल दृश्याइतकंच दृश्याच्या आजूबाजूला बघतात. स्क्रीनशॉट काढून रिव्हर्स सर्च, पहिल्यांदा कुणी टाकला, कधी टाकला. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा 'घोस्ट ऑफ कीव्ह' नावाच्या कथित वैमानिकानं रशियन विमान पाडल्याचा एक व्हिडिओ जगभर फिरला होता. तो 'डीसीएस' या विमानांच्या सिम्युलेटरमध्ये बनवलेला होता. आणि ही गोष्ट बनवणाऱ्यानं लपवलीही नव्हती, यूट्यूबवर व्हिडिओखालीच लिहून ठेवली होती. पुढे फिरला तो फक्त व्हिडिओ, खालची ओळ तिथेच राहिली.