गाडी आपली, पाना कोणाचा?

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीने बायकांना कायदा शिकवला. एफआयआर कसा नोंदवून घ्यायचा, सात-बाऱ्यावर नाव कसे लावून घ्यायचे, पोटगीचा अर्ज कुठे करायचा हे वाडीवस्तीवरच्या बाईपर्यंत पोचवले. पण आपल्याच संस्थेच्या दारातली जुनी गाडी सुरू झाली नाही, की आपण सगळ्याजणी रस्त्याकडे बघत उभ्या राहतो. कुणीतरी ‘भाऊ’ येईल आणि बॉनेट उघडेल म्हणून. या भाऊची वाट बघणे आपण बंद केले पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

मी सिन्नर तालुक्यात काम करते. आमच्या केंद्राकडे एक मारुती ८०० आहे. या गाडीचे उत्पादनच २०१४ साली थांबले. आमच्या गाडीने पंधरा वर्षे पार केली आणि तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागले. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, तरी नव्या गाडीपेक्षा ते स्वस्तच. आपल्यासारख्या बहुतेक संस्थांच्या गाड्या अशाच, कुणीतरी वापरून दिलेल्या, वय झालेल्या असतात.

ही गाडी वावी, पाथरे, दोडी, ठाणगाव अशी फिरते. शेवटची एसटी गेल्यावर एखाद्या बाईला घरातून बाहेर पडायचे असते, तेव्हा हीच गाडी जाते. अशा वेळी बॅटरी उतरली तर? मिस्त्रीला फोन करायचा. सिन्नरसारख्या ठिकाणी मिस्त्री कुणाचा तरी भाचा असतो, कुणाचा तरी मेहुणा असतो. मागच्या सीटवर तोंडावर पदर घेऊन कोण बसले आहे, हे त्याला दिसते. तो वाईट माणूस असेलच असे नाही. पण सकाळी चहाच्या टपरीवर गोष्ट निघते आणि दुपारी सासरची माणसे केंद्राच्या दारात हजर होतात. गोपनीयता हा समुपदेशनाचा पहिला नियम म्हणून आम्हाला समाजकार्याच्या वर्गात शिकवला. एका सैल तारेमुळे तो नियम मोडतो, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हते.

म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही, पैसे वाचवण्याचाही फक्त नाही. तो सत्तेचा आहे. पुरुषप्रधान व्यवस्थेने बाईला गाडी चालवायची परवानगी दिली, कारण मुलांना शाळेत सोडायला आणि सासूला दवाखान्यात न्यायला ती सोयीची होती. बॉनेटखालचे ज्ञान मात्र तिने स्वतःकडे ठेवले. चालवणारी बाई मदतनीस ठरते. दुरुस्त करणारी बाई कुणावर अवलंबून राहत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

‘बायकांना यंत्रातले कळत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या स्वयंपाकघरात डोकावावे. शेगडीच्या बर्नरची भोके सुईने साफ करते ती कोण? कुकरचे गॅस्केट बदलते, शिवणयंत्राचा दोरा कुठे अडकतो ते आवाजावरून ओळखते ती कोण? सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटांच्या अंदाजावर जी सफाई दाखवली, ती कोणत्या फिटरपेक्षा कमी आहे? पण बाईने केले की ते ‘घरकाम’ आणि पुरुषाने केले की ‘तंत्र’. मजुरीही त्याच हिशेबाने ठरते.

१९७४ साली टेल्कोने इंजिनियरच्या जागांसाठी जाहिरात काढली आणि बायकांनी अर्ज करू नये असे त्यात लिहिले. सुधा कुलकर्णी या तरुणीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुढे ती तिथे नोकरीला लागली. लोक तिला सुधा मूर्ती म्हणून ओळखतात. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात पुढे हॅरियर आणि सफारी गाड्या जोडणारी सगळी लाइन बायकांनी सांभाळली. म्हणजे गाडी बाई बनवू शकते. तीच गाडी रस्त्यात बंद पडली, की तीन पुरुष पुढे येतात आणि म्हणतात, “ताई, तुम्ही सावलीत बसा.”

शिकलेल्या बायकांचेच हे काम, असेही नाही. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येने दलित आणि आदिवासी बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवली. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्यांनी पाइप उपसले, वॉशर बदलले, आणि गावाचे पाणी सरकारी मिस्त्रीच्या मर्जीवर राहिले नाही. आपण मात्र त्याच काळात गावोगाव शिवणवर्ग आणि पापड-मसाल्यांचे गट काढत राहिलो. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत. त्यांतल्या किती मुलींना आपण मोटार मेकॅनिकचा अर्ज भरायला सांगितले?

गेली तीन वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही केंद्राच्या अंगणात गाडी उघडतो. किल्ली फिरवल्यावर नुसता टकटक आवाज आला आणि दिवे मंदावले, तर आधी बॅटरीकडे बघायचे. टोकांवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर दहाच्या पान्याने आधी ऋण तार सोडायची, मग धन. सोड्याच्या गरम पाण्याने थर धुवायचा, टोके कोरडी करायची, तारा आवळताना आधी धन आणि शेवटी ऋण, वरून थोडे व्हॅसलीन. याच थरापायी एका गॅरेजवाल्याने आम्हाला नवी बॅटरी घ्यायला सांगितले होते. इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी. या गाडीला तीन प्लग असतात, ते काढून पाहता येतात. चाक बदलताना नट आधी सैल करायचे, मगच जॅक लावायचा. स्टेपनीतली हवा दर महिन्याला तपासायची. तेलाची पट्टी, कूलंट, एअर फिल्टर, फ्यूज: या सगळ्याला अंगात रग लागत नाही, लक्ष लागते.

काही गोष्टी आम्ही करत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरत नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडत नाही. ब्रेक, क्लच, स्टिअरिंग हे जाणकार मिस्त्रीकडेच. त्याच्या पोटावर पाय द्यायचा आमचा विचार नाही. पण काय बिघडले ते सांगून जातो आणि बदललेला जुना भाग परत मागून घेतो. कळणारे गिऱ्हाईक म्हणून जाणे वेगळे आणि शरण जाणे वेगळे.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र आपल्याच मैत्रिणींचा आहे. घर, नोकरी, मुले, संघटना एवढे ओझे असताना आणखी हे कशाला? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर श्रमविभागणीतच शोधावे लागेल. आमच्याकडे हे काम कामाच्या तासांत धरले जाते आणि त्या शनिवारचा स्वयंपाक केंद्रातले पुरुष कार्यकर्ते करतात. ही सवलत नाही, अट आहे. बाईच्या हातात पाना देऊन लाटणेही तिथेच ठेवायचे असेल, तर तो पाना नको.

दुसरा आक्षेप: नव्या गाड्या संगणकावर चालतात, त्या घरी कशा उघडणार? मग तर हा प्रश्न अधिकच आपला. आधी मिस्त्रीने ज्ञान दाबून ठेवले, आता कंपनी ठेवते. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटारीही आहेत. या चर्चेत बायकांच्या संघटनांचा आवाज कुठे आहे?

तेव्हा पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्राशेजारी एक सत्र बॉनेटचे ठेवा. हॉलमध्ये नको, अंगणात, खऱ्या गाडीवर. संस्थेच्या खर्चाच्या पत्रकात हत्यारपेटीसाठी एक ओळ घाला: दहा-अकरा आणि बारा-तेराचे पाने, प्लग पाना, पकड, टेस्टर, हवेचा गेज, जंपर केबल, चांगली बॅटरी. गाडीची वही ठेवा, आणि ती ड्रायव्हरच्या कप्प्यात नको, केंद्राच्या टेबलावर असू द्या. निदान दोघीजणी अशा हव्यात, की रात्री दहाला निरोप आला तर गाडी सुरू होईल की नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावे लागू नये.