आधी तिला सांगा



मागच्या वर्षी एका सोनोग्राफी केंद्राबाहेरच्या बाकावर मी चोवीस वर्षांच्या एका बाईजवळ बसले होते. सव्विसावा आठवडा, आणि पहिलीच सोनोग्राफी. आत डॉक्टर तिच्या नवऱ्याशी आणि सासूशी बोलत होते. जिची तपासणी झाली, ती बाहेर. तिने मला विचारलं, "ताई, काय निघालं?"

बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली होती. बाहेर येताच सासू म्हणाली, "ग्रहणात सुरी हातात धरली असणार हिने." नवऱ्याने दारातूनच डॉक्टरांना विचारलं, "मुलगा की मुलगी तेवढं सांगा, मग बघू." डॉक्टरांनी नकार दिला, ते योग्यच केलं. पण "आता उशीर झाला, काही करता येणार नाही," एवढं बोलून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

1988 साली महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. तो मंच उभारून, मोर्चे काढून लढलेल्या मैत्रिणींमुळे झाला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. 1994 चा केंद्रीय कायदा आणि त्यातली 2003 ची दुरुस्ती त्याच वाटेने आली. या लढ्याबद्दल मला अभिमान आहे. पण त्या बाकावर बसल्यावर स्वतःचीच एक चूक लक्षात आली. शिबिराशिबिरांतून मी बायकांना सांगत आले, की सोनोग्राफीत लिंग विचारू नका. काय विचारायचं, ते मात्र कधीच सांगितलं नाही.

म्हणून आज ते सांगते. जन्मणाऱ्या शंभर बाळांमागे साधारण एकाच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातले बरेच किरकोळ असतात, काही आपोआप बरे होतात. गंभीर दोषांपैकी पुष्कळसे 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसू शकतात. त्यासाठी हृदयाचे चार कप्पे आणि त्यांतून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, दोन्ही नीट पाहावं लागतं. नुसते कप्पे पाहिले तर रक्तवाहिन्यांची अदलाबदल निसटू शकते. असं बाळ जन्मतः अंगाने चांगलं भरलेलं असतं, पण काही तासांत किंवा एकदोन दिवसांत निळं पडतं. आधी कळलेलं असेल, तर हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात बाळंतपण करता येतं आणि पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया होते. ग्रहणाचा आणि सुरीचा याच्याशी काहीही संबंध नाही.

यातलं काहीच त्या बाईला सांगितलं गेलं नाही. कायदाही सांगितला गेला नाही. 2021 च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर दोष असेल तर 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे गर्भपातासाठी अर्ज करता येतो. परवानगी मिळेलच असं नाही, पण विचारण्याचा हक्क आहे. सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुलगी म्हणून गर्भ पाडू नका, पण दोष आहे म्हणून पाडा, असं आपण म्हणतो आहोत का? अपंग मैत्रिणी हा प्रश्न आपल्याला विचारतात आणि तो रास्त आहे. मला वाटतं, की आपण कुठलाच निर्णय तिच्यावर लादू नये. गर्भ ठेवायचा ठरवला तर शस्त्रक्रियेचा खर्च, प्रवास, मोठ्या मुलांची सोय यांचा भार तिच्या एकटीवर पडू नये. नाही ठरवला, तर तिला कोणी पापी म्हणू नये. शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणून गर्भपात करावा लागला, तर त्याला तिची निवड म्हणता येणार नाही.

आपल्या गटांनी पुढच्या तीन महिन्यांत एवढं करावं. गरोदर बायकांना पाचव्या महिन्यातच सोनोग्राफीला पाठवावं आणि "बाळाचं हृदय पाहिलं का?" हे विचारायला शिकवावं. निष्कर्ष आधी तिला, तिच्या भाषेत सांगितला जावा, असा आग्रह धरावा. ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते का, किती दिवसांनी नंबर लागतो, याची नोंद करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. हृदयदोष असलेल्या मुलांच्या उपचारांची सोय त्यात आहे. आपल्या तालुक्यातलं त्याचं पथक कुठे बसतं, हे प्रत्येक कार्यकर्तीला माहीत असावं.

बाकावरच्या त्या बाईला मी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला समोर बसवून, कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. तिने दोन दिवस मागितले. मग म्हणाली, "बाळंतपण शहरात करायचं." तसं झालं. बाराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, बाळ घरी आलं. मुलगा की मुलगी, हे मुद्दामच लिहीत नाही.

तुमच्या भागातले अनुभव जरूर कळवा.