परक्या लेकरासाठी घरात जागा

रोटरी व एएफएस यांच्या विद्यार्थी-विनिमय उपक्रमांत परदेशी शाळकरी मुले यजमान कुटुंबात काही महिने राहतात. ही कुटुंबे स्वेच्छेने पुढे आलेली असतात. मुलाकडून ती भाडे घेत नाहीत. अशा यजमानांत आपल्या समाजातील घरेही असावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावे लागत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्यास आलेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना हुसकावण्यात आले. त्याच बाबासाहेबांना १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात आसरा मिळाला. आज ते घर त्यांचे स्मारक आहे.

आपले घर लहान, जेवण साधे, तेथे परदेशी मूल कसे रमेल, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु त्याला हवे असते स्वच्छ अंथरूण, अभ्यासापुरता कोपरा, घरच्यांच्याच ताटातली भाकरी आणि चुकल्यास हक्काने रागावणारी आई. निवासी शाळेत वाढलेल्यांनी परक्या छताखालची पहिली रात्र अनुभवली आहे. शिवाय ढोकीशेजारच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगराचा, व्यापार रोमपर्यंत पोहोचला होता. परदेशी माणूस या मुलखाला नवा नाही.

माजी विद्यार्थ्यांनी जवळच्या रोटरी क्लबकडे चौकशी करून एका तरी कुटुंबाचे नाव यजमान म्हणून द्यावे. विहारात आपण मैत्रीभावना करतो. तिचे आचरण घराच्या उंबरठ्यापासून सुरू व्हावे.