प्रध्वंसाभाव आणि शिळी प्रत

न्यायशास्त्रांत अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तु नष्ट झाल्यावर येणारा अभाव, संगणकशास्त्रज्ञांनाही छळीत आला आहे, हें वाचून वाचकांस कौतुक वाटेल.

अनेक संगणकांनीं एकाच सर्व्हरवरील फायली वापराव्या, ही व्यवस्था आतां सर्वत्र रूढ आहे. वारंवार सर्व्हरकडे धांव घ्यावयास नको म्हणून प्रत्येक संगणक वाचलेल्या मजकुराची प्रत जवळ बाळगतो. तिला कॅश म्हणतात. परंतु मूळ फाईलच कोणीं पुसून टाकली, तर दूरच्या प्रतीस तें कळावें कसें? अभाव कांहीं आपण होऊन निरोप धाडीत नाहीं.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९८४ मध्यें तयार केलेल्या एनएफएस पद्धतींत, कोणीं कोणती फाईल उघडली आहे याची नोंद सर्व्हर ठेवीतच नसे. त्यामुळें तो बंद पडून पुन्हां सुरू झाला, तरी फारसें बिघडत नसे. पण फाईल पुसल्याची वार्ता तो देणार कोणास? लिनक्समधील रूढ नियमानें संगणक फायलीच्या माहितीवर ३ ते ६० सेकंद विसंबतो. तोंवर गेलेली फाईल त्याच्या लेखीं जिवंतच असते! पुढें विचारणा केली, म्हणजे 'खूण शिळी झाली' असें उत्तर येतें. याहून मोठें भय निराळेंच. पुसलेल्या फायलीची जागा दुसरीस मिळते. मग जुनी खूण दाखविणाऱ्याच्या हातीं परक्याचा कागद पडावयाचा. म्हणून खुणेंत पिढीचा क्रमांक घालतात. जागा तीच, पण पिढी निराळी, हें सर्व्हर त्यावरून ओळखतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँड्र्यू पद्धतीनें दुसरा मार्ग धरला. प्रत देतांनाच सर्व्हर वचन देतो कीं, फरक पडल्यास कळवीन. यास कॉलबॅक म्हणतात. परंतु मधली तार तुटली, तर वचन पाळावें कसें? यावर १९८९ मध्यें ग्रे व चेरिटन यांनीं लीज, म्हणजे मुदतीचें वचन, सुचविलें. मुदत सरली कीं प्रतीवर विसंबूं नये, पुन्हां विचारावें.

तात्पर्य, आपल्या पडद्यावर फाईल दिसते एवढ्यावरून ती आहेच असें अनुमान करूं नये. अग्नि विझल्यावरही धूर घटकाभर रेंगाळतोच. आणि एकत्र कुटुंबांत सामायिक वस्तु टाकण्यापूर्वीं चौघांस विचारण्याचा जो शिरस्ता आहे, तोच सामायिक फाईल पुसतांनाही पाळावा. कारण ती त्या क्षणीं दुसरा कोणी वाचीत असेल.