दुहेरीतील भागीदारी

जालन्याच्या मोंढ्यात दोन नावांची पेढी ही नवलाची गोष्ट नाही. एकाला मालाची पारख, दुसऱ्याला उधारी वसूल करण्याची हातोटी. एक गादीवर, दुसरा फिरतीवर. अशा पेढीतून एक भागीदार बाहेर पडला की बाजारात आठवडाभर तोच विषय चालतो. भांडण झाले का, हिशेबात काही निघाले का, अशी कुजबुज होते. दोघांनी समजून-उमजून वेगळे व्हायचे ठरवले, हे साधे उत्तर सहसा कोणाला पटत नाही.

हीच मनोवृत्ती आता मुलांच्या खेळातही शिरू लागली आहे. व्यापारी घरांतील मुले-मुली बॅडमिंटन खेळतात, जिल्ह्याच्या स्पर्धांत दुहेरीत उतरतात. दुहेरीची पहिली जोडी बहुधा पालकच जमवतात: शेजारचा, नात्यातला किंवा व्यवहारातल्या घरचा मुलगा पाहून. दोन-तीन वर्षांनी प्रशिक्षक सुचवतात, की या दोघांनी आता वेगळे जोडीदार घ्यावेत. तेथून प्रश्न खेळाचा राहत नाही. एका घराला अपमान वाटतो, दुसऱ्याला अवघडल्यासारखे होते, आणि ज्यांना खेळायचे आहे ती पंधरा वर्षांची दोन मुले एकमेकांकडे पाहणेही टाळू लागतात.

अशा घरांनी मुंबईच्या चिराग शेट्टीची वाटचाल अवश्य पाहावी. चिरागचा जन्म ४ जुलै १९९७ चा. आज त्याचे नाव सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या नावाला जोडूनच घेतले जाते, जणू ते एकच नाव असावे. परंतु सात्विक हा त्याचा पहिला जोडीदार नव्हे. त्यापूर्वी चिराग एम. आर. अर्जुनबरोबर खेळत असे आणि आंध्रातील अमलापुरमचा सात्विक कृष्णप्रसाद गरगाबरोबर. २०१६ च्या सुमारास भारतीय दुहेरीचे तत्कालीन प्रशिक्षक, मलेशियाचे तान किम हर यांनी या दोन जोड्या मोडल्या आणि चिराग व सात्विक यांना एकत्र आणले. सात्विक तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. एकाची मातृभाषा तेलुगू. दुसरा तुळू भाषक कुटुंबातला, मुंबईत वाढलेला.

वरकरणी हा निर्णय चुकीचाच वाटावा असा होता. दुहेरीत आक्रमण करताना एक खेळाडू मागून जोरदार फटके मारतो आणि दुसरा जाळ्याजवळ उभा राहून परत आलेले फूल टिपतो. हे दोघेही मागे राहून फटके मारणारे. एका पेढीत दोन्ही भागीदार फिरतीवर गेले तर गादीवर बसणार कोण? तान यांनी चिरागला जाळ्याजवळचा खेळ शिकायला लावला. ज्या कामात तो तरबेज होता त्यातला मोठा वाटा दुसऱ्याला देऊन, नवे काम मुळापासून शिकण्याची ही आज्ञा होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ती सोपी गेली नसणार. पुढे २०२३ मध्ये सात्विकच्या एका फटक्याचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला आणि गिनेस बुकात त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. तो आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. जाळ्याजवळच्या कामाला असा आकडा नसतो.

भागीदार बदलण्याचा खरा खर्च कोणता, हे व्यापाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. भागीदारीतील पेढीतून कोणी निवृत्त झाला आणि खात्यावर कर्ज असले, तर बँक ते खाते तेथेच थांबवते आणि नव्या पेढीसाठी नवे खाते उघडते. कारण जुन्या खात्यात नवा भरणा होत राहिला, तर जुने देणे फिटल्यासारखे होते आणि निवृत्त भागीदाराची जबाबदारी किती, हेच कळेनासे होते. बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीची रीत यासारखीच आहे. मागील ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. पण दुहेरीत हे गुण जोडीच्या नावावर जमा होतात, एकट्या खेळाडूच्या नव्हे. जोडी मोडली की तो चोपडा मिटला. नव्या जोडीच्या क्रमवारीचे पहिले पान कोरे असते, मग ते दोघे कितीही नामांकित असोत. म्हणूनच जोडी बदलायची तर ती लवकर बदलावी. नावलौकिक मोठा झाल्यावर मोडलेली पेढी दोघांनाही महागात पडते.

बर्फावर जोडीने नृत्य करण्याच्या खेळात तर जोडीदाराशिवाय स्पर्धेत उतरताच येत नाही. कॅनडाची टेसा व्हर्च्यू सात वर्षांची आणि स्कॉट मोइर नऊ वर्षांचा असताना, १९९७ मध्ये, त्यांची जोडी जमली. त्यांनी २०१० आणि २०१८ अशा दोन ऑलिंपिकमध्ये बर्फनृत्याचे सुवर्ण मिळवले आणि अखेरपर्यंत जोडीदार बदलला नाही. असे दाखले वाचून पहिला जोडीदार हाच जन्माचा, असा समज होतो. बालपणीची जोडी शेवटपर्यंत टिकणे हा भाग्ययोग आहे. त्याला नियम मानण्याचे कारण नाही.

दोन मोठी नावे एकत्र आणली म्हणजे पेढी मोठी होते, हाही एक भ्रम. १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे थॉमस चषकाच्या अंतिम सामन्यात चिराग-सात्विक यांच्यासमोर इंडोनेशियाचे मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो उभे होते. अहसानने हेंद्र सेतियावानबरोबर जागतिक विजेतेपद अनेकदा मिळवलेले. सुकामुल्जो हा मार्कस गिडिऑनबरोबर वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिलेला. परंतु गिडिऑन दुखापतीमुळे संघात नव्हता, म्हणून दोन नामवंत पेढ्यांतील एकेक भागीदार घेऊन ही जोडी उभी केली होती. तिने पहिला गेम २१-१८ असा जिंकलाही. पुढचे दोन गेम भारतीयांनी २३-२१, २१-१९ असे खेचून आणले. शेवटच्या चार-पाच गुणांत कोणी पुढे सरकायचे आणि कोणी मागे राहायचे, हे विचारायला वेळ नसतो. सहा वर्षांची सवय तेथे कामी आली. भारताने अंतिम सामना ३-० असा जिंकून प्रथमच हा चषक मिळवला.

त्या विजयाच्या वेळी एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. दहा जणांच्या त्या भारतीय संघात एम. आर. अर्जुन होता आणि कृष्णप्रसाद गरगाही होता. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्या जोड्या मोडल्या होत्या, ते चौघेही त्या संघात होते. अर्जुन आता ध्रुव कपिलाबरोबर खेळत होता, कृष्णप्रसाद विष्णुवर्धन गौडबरोबर. प्रसिद्धीचा मोठा वाटा चिराग-सात्विक यांच्याकडे गेला, हे खरे. मागे राहिलेल्यांच्या मनात काही आलेच नसेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु त्यांनी खेळ सोडला नाही आणि भारतीय बॅडमिंटनने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. प्रत्येकाला नवा जोडीदार मिळाला. जिल्ह्याच्या पातळीवर नेमके येथेच चुकते. चांगला खेळणाऱ्याला नवा जोडीदार तत्परतेने शोधला जातो आणि दुसऱ्या मुलाला उद्यापासून कोणाबरोबर सराव करायचा, हे कोणी सांगत नाही.

१९३२ च्या भागीदारी कायद्यात यासंबंधी एक शहाणपणाची तरतूद आहे. निवृत्त होणाऱ्या भागीदाराने तशी जाहीर सूचना द्यावी, स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रातही द्यावी. तोपर्यंत तिऱ्हाइताच्या लेखी त्याची जबाबदारी संपत नाही. मुलांच्या जोडीबाबत वर्तमानपत्र नको, पण दोन्ही घरांना एकत्र बसवून, मुलांच्या समोर, प्रशिक्षकाने कारण सांगावे. बहुतेक ठिकाणी ही बातमी सामन्यांच्या तक्त्यावरून कळते. अनेक वर्षांचा घरोबा अशा एका कागदाने दुरावतो.

मुलींच्या दुहेरीतही हेच दिसते. वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०१० मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्य मिळवले. ती जोडी थांबल्यावर अश्विनीने एन. सिक्की रेड्डीबरोबर २०१८ चे राष्ट्रकुल कांस्य मिळवले. त्यानंतर तिने हात धरला तो दुबईत जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातील तनिषा क्रास्टोचा, जी तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. अनुभवी भागीदाराने उमेदवाराला गादीवर शेजारी बसवावे, तसा हा संसार. २०२३ मध्ये त्यांनी अबुधाबी आणि गुवाहाटी येथील स्पर्धा जिंकल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळवली. तेथे तिन्ही साखळी सामने त्या हरल्या. हे आपले शेवटचे ऑलिंपिक, असे अश्विनीने अश्रू पुसत सांगितले.

त्याच सभागृहात चिराग-सात्विक उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ॲरन चिया आणि सोह वुई यिक यांच्याकडून हरले होते. पदक नाही, म्हणजे आता ही जोडी मोडावी, असे सुचवणारे तेव्हाही निघालेच असतील. ती मोडली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धा पॅरिसच्या त्याच सभागृहात भरली. उपांत्यपूर्व फेरीत समोर तेच चिया आणि सोह आले. या वेळी २१-१२, २१-१९ असा निकाल भारतीयांच्या बाजूने लागला आणि २०२२ नंतर पुन्हा जागतिक कांस्यपदक त्यांच्या हाती आले. त्याच आठवड्यात तनिषा मिश्र दुहेरीच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली. तिचा जोडीदार होता ध्रुव कपिला, एके काळी अर्जुनबरोबर खेळणारा.